बेल्ट लावूनही माणूस जमिनीवर का आदळतो? उंचीवरच्या कामाआधीच्या कागदात काय असतं?

सोसायटीला बाहेरून रंग देताना पहाडावर चढलेले रंगारी तुम्ही पाहिले असतील. अंगावर सेफ्टी बेल्ट दिसला की माणूस सुरक्षित आहे, असं आपण धरून चालतो. पण बेल्ट लावलेला माणूसही जमिनीवर आदळू शकतो. आणि तसं होईल का, याचा हिशोब तो वर चढण्याआधी कागदावर मांडता येतो.

साइटवर असे दोन कागद असतात. काम कोणत्या क्रमाने, कोणत्या साधनाने करायचं आणि धोका कुठे आहे, हे लिहिलेलं ‘मेथड स्टेटमेंट’. आणि त्या जागेपुरती, त्या पाळीपुरती परवानगी देणारं ‘हाइट वर्क परमिट’.

आता हिशोब बघा. बेल्टची दोरी साधारण १.८ मीटर. माणूस पडला की झटका सोसणारा भाग उघडून आणखी १.७५ मीटरपर्यंत लांबतो. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर. वर १ मीटर राखीव. बेरीज जवळपास ६ मीटर. म्हणजे हुक पायाशी अडकवून ३ मीटरवरच्या स्लॅबच्या कडेला उभं राहिलं, तर दोरी ताणण्याआधीच माणूस ताशी २७-२८ किलोमीटर वेगाने खाली आदळतो. बेल्ट तसाच अंगावर! म्हणून हुक कुठे अडकवायचा आणि खाली मोकळी जागा किती, हे योजनेत लिहिलेलं हवं. ‘सर्वांनी बेल्ट वापरावा’ एवढंच लिहिलं असेल, तर तो कागद जुन्या साइटवरून उचललेला आहे असं खुशाल समजा.

खरं तर बेल्टचा नंबर शेवटी लागतो. आधी विचारायचं, हे काम जमिनीवर करता येईल का? नसेल तर कठडा, पक्की परांची, झाकलेला डक्ट.

सगळ्यात जास्त विसरला जाणारा मुद्दा सुटकेचा. बेल्टने वाचलेला माणूस हवेत लटकतो. पायात रक्त साचून तो काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. त्याला कोण, कशाने खाली आणणार? तिथे नुसतं ‘अग्निशमन दलाला फोन’ लिहून भागत नाही.

ब्रिटनच्या २००५ च्या नियमांत किमान उंचीची अटच नाही; पडून इजा होण्यासारखं असेल तर नियोजन करावंच लागतं. आपल्याकडे १९९८ च्या केंद्रीय नियमांनी लेखी सुरक्षा धोरण मागितलं, पण ५० किंवा जास्त बांधकाम कामगार असतील तिथे. सोसायटीच्या रंगकामाला येतात पाच-सहा जण.

त्यामुळे पुढच्या वेळी कोटेशन मागवताना कमिटीने ठेकेदाराला दोन गोष्टी लेखी मागाव्यात: हुक कुठे अडकवणार आणि लटकलेल्या माणसाला खाली कसं आणणार.