तीन वर्षांच्या बोलीवरचं जहाज

माले गावाहून ताम्हिणी घाटाकडे जाताना एखादी बजाज ‘व्ही’ मोटारसायकल शेजारून गेली, तर तिच्या पेट्रोलच्या टाकीकडे जरा बघा. तिच्या पोलादात ‘विक्रांत’चा अंश आहे! २०१४ मध्ये भंगारात निघालेल्या आपल्या पहिल्या विमानवाहू नौकेचं पोलाद वितळवून पुण्याच्या बजाज ऑटोने या गाडीत वापरलं. आणि ती नौका जन्माने ब्रिटिश.

१९४२ चा सुमार. ब्रिटनच्या विमानवाहू नौका एकामागून एक बुडत होत्या आणि नव्या तर झटपट हव्या होत्या. मग ठरलं, व्यापारी जहाजांसारख्याच बांधा, साध्या गोद्यांनाही जमतील अशा. चिलखत नको. युद्ध संपेपर्यंत, किंवा तीन वर्षं टिकल्या तरी पुष्कळ! त्यांतली ‘हर्क्युलिस’ पाण्यात उतरली २२ सप्टेंबर १९४५ ला. युद्ध संपून वीस दिवस झाले होते. ती अर्धवटच पडून राहिली. १९५७ मध्ये भारताने ती घेतली, बेलफास्टला पुरी करवली, आणि १९६१ पासून १९९७ पर्यंत ‘विक्रांत’ म्हणून वापरली. तीन वर्षांच्या बोलीवर छत्तीस वर्षं!

पण एवढ्याशा डेकवरून विमान उडतं कसं? वारा पडला की पोरं पतंग घेऊन धावतात ना, तसंच. अख्खं जहाज वाऱ्याकडे तोंड करून सुसाट निघतं आणि समोरून वारा ‘तयार’ करतं. वर वाफेचं कॅटापुल्ट विमानाला दोन-तीन सेकंदांत पुढे भिरकावतं. हे वाफेचं यंत्र, तिरका डेक, वैमानिकाला उतरण्याचा कोन दाखवणारा आरसा, तिन्ही कल्पना ब्रिटिशांच्याच. त्यांचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही.

१९७१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेले होते. म्हणजे वेग कमी, म्हणजे वाराही कमी. तरी ४ डिसेंबरला तिची सी हॉक विमानं कॉक्स बाजार आणि चितगाववर तुटून पडली.

वारा रुसला तर काय होतं, हे ११ वर्षांनी फॉकलंडच्या युद्धात दिसलं. अर्जेंटिनाकडे याच आराखड्याची, ब्रिटिशांनीच बांधलेली नौका होती. २ मे १९८२ च्या पहाटे तिच्यावर बॉम्ब लादलेली स्कायहॉक विमानं तयार होती. नेमका वारा पडला. एवढं वजन घेऊन विमानं उठेनात आणि हल्ला रद्द झाला. समोरच्या ब्रिटिश ताफ्याची मुख्य नौका होती ‘हर्मिस’. पाच वर्षांनी तीच ‘विराट’ होऊन भारतीय नौदलात आली.