श्रावणातलं जयपूर

जयपूरला बहुतेक जण थंडीत जातात. मी म्हणेन, श्रावणात जा. नाहरगडाचे डोंगर हिरवे होतात आणि श्रावण शुद्ध तृतीयेला त्रिपोलिया दरवाजातून तीजमातेची मिरवणूक निघते. शांतता हवी असेल, तर नाहरगडाच्या पायथ्याशी गैटोर गाठा. १७२७ मध्ये शहर वसवणाऱ्या सवाई जयसिंगांची संगमरवरी छत्री तिथे आहे. कोरीवकाम इतकं नाजूक, की पाय निघत नाही. जयसिंगांच्या जंतरमंतर वेधशाळेत मात्र ऊन पडल्यावरच जा. सम्राट यंत्रावर वेळ सावलीवरून वाचतात. तिथे त्यांच्या पदरचे मराठी पंडित जगन्नाथ सम्राट आवर्जून आठवावेत. युक्लिडची भूमिती त्यांनीच अरबीतून संस्कृतात आणली.