गारगोटीतच राहू की कोल्हापूर गाठू?

बारावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले. आता घरात एकच विषय : ॲडमिशन कुठं घ्यायची? आई म्हणते, 'इथंच घे, जेवणाचे तरी हाल होणार नाहीत.' मामा म्हणतो, 'कोल्हापूरला टाका, पोरगं जरा चार लोकांत वावरंल.' आणि मित्रांच्या ग्रुपवर निम्मी गँग कोल्हापूरला निघालेली! तुम्ही भुदरगड तालुक्यातले असाल, तर हा घोळ तुमच्या घरातही चालू असणार.

मित्रांनो, आधी एक गैरसमज काढून टाका. गारगोटीचं कर्मवीर हिरे महाविद्यालय असो की कोल्हापूरचं राजाराम, पदवी शिवाजी विद्यापीठाचीच मिळते. स्वायत्त कॉलेज असेल तर अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या, पदवी मात्र विद्यापीठाचीच. म्हणजे 'गावातली डिग्री' आणि 'शहरातली डिग्री' असं काही नसतं. फरक पडतो तो त्या तीन-चार वर्षांत तुमच्या वाट्याला काय येतं, यानं.

गंमत म्हणजे या प्रश्नाची दोन्ही उत्तरं आपल्याच जिल्ह्यानं देऊन ठेवलीत. खेड्यातल्या पोरांना शहरात राहून शिकता यावं म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली. पुढं १९४७ मध्ये जे. पी. नाईक यांनी उलटा विचार केला. पोरांनी गाव सोडण्यापेक्षा शिक्षणच गावात का आणू नये? त्यातून गारगोटीत श्री मौनी विद्यापीठ उभं राहिलं. हेच नाईक नंतर देशाच्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. त्यामुळं गारगोटीत शिकणं म्हणजे 'कुठं नाही मिळालं म्हणून' असं समजायचं कारण नाही. आणि कोल्हापूरला जाणं म्हणजे गावाशी गद्दारीही नाही.

आता हिशेब करू. गारगोटी ते कोल्हापूर साधारण ५० किलोमीटर. एसटीनं जाऊन-येऊन रोजचे तीन-चार तास गेलेच. आठवड्याचे सहा दिवस धरा : वीस-बावीस तास नुसते सीटवर, तेही सीट मिळाली तर! बारावीपर्यंत मुलींना पास मोफत होता, तो आता नसेल. सवलतीचा पास काढावा लागेल. खोली घेऊन राहायचं तर भाडं, मेस, लाइट बिल. म्हणून फक्त कॉलेजची फी विचारून घरी येऊ नका. वर्षाचा सगळा खर्च कागदावर मांडा आणि वडिलांसमोर ठेवा. वसतिगृहाचे, स्वाधारसारख्या योजनेचे अर्ज कधी निघतात, ते समाजकल्याण खात्यात आधीच विचारून ठेवा.

दुसरा मुद्दा विषयाचा, आणि खरं तर हाच पहिला असायला हवा. तुम्हाला मायक्रोबायोलॉजी किंवा सांख्यिकी घ्यायचीय आणि जवळच्या कॉलेजात तो विषय मेजर म्हणून नाहीच, तर प्रश्न मिटला, बॅग भरा. पण विषय दोन्हीकडं असेल, तर लहान कॉलेजला नाक मुरडू नका. वर्गात चाळीस जण असले की सर नावानं ओळखतात. प्रॅक्टिकलला यंत्राला हात लावायला मिळतो, नुसतं मागून डोकावावं लागत नाही. एनएसएस, युवा महोत्सव, 'आविष्कार' संशोधन स्पर्धा यांत नाव द्यायला रांग कमी असते. मोठ्या कॉलेजात ग्रंथालय मोठं, क्लास जवळ, स्पर्धाही तगडी. मात्र तिथं मागितल्याशिवाय काही मिळत नाही. लाजरेबुजरे असाल, तर पहिलं वर्ष नुसतं बुजण्यात जाईल.

लहान कॉलेजची दुसरी बाजूही बघा. शिक्षकांच्या जागा रिकाम्या असतील आणि तासिका तत्त्वावरचे सर मध्येच सोडून गेले, तर विषय अर्ध्यावर राहतो. म्हणून प्रवेशाआधी कॉलेज चालू असताना एक दिवस तिथं जाऊन या. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरांना गाठा आणि विचारा : तास रोज होतात का? या विषयाला कायमचे शिक्षक किती? प्रयोगशाळा उघडी असते की कुलूपबंद? माहितीपत्रकात जे छापलेलं नसतं, ते ही पोरं कँटीनच्या चहावर सांगून टाकतील.

आणि एक गोष्ट घरातल्या मोठ्यांसाठी. 'पोरगी आहे, जवळच बरी' आणि 'पोरगा आहे, जाऊ दे कोल्हापूरला', हा निकष कॉलेजचा नाही. बहिणीचे मार्क भावापेक्षा जास्त असतील आणि तिचा विषय कोल्हापुरातच असेल, तर बॅग तिची भरायला हवी. मुलींनो, हे घरात बोला. रागानं नको, तो खर्चाचा कागद पुढं ठेवून बोला. बाबांना वसतिगृह दाखवायला एकदा सोबत घेऊन जा. निम्मी भीती तिथंच उतरते.

हा निर्णय जन्माचा नाही, हेही लक्षात ठेवा. तीन वर्षं गारगोटीत पाया पक्का करून एम.एस्सी. किंवा एम.ए.ला विद्यापीठात जाता येतं. गेलात तरी चालेल, राहिलात तरी चालेल. फक्त ग्रुपवरची गँग निघाली म्हणून निघू नका, आणि सकाळी लवकर उठायचा कंटाळा म्हणून थांबूही नका. विषय, खर्च, शिक्षक हे तीन रकाने आखा. उत्तर बहुतेक त्याच पानावर सापडेल.