थंडीतली पहिली किक: चोक नेमका करतो काय?

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलणं बरंचसं तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय. घाईत असाल तर सरळ खाली 'हे एवढं करा' या भागावर जा.)

डिसेंबर उजाडला की आपल्या व्हॉट्सॲपवर एकाच विषयाचे व्हॉइस मेसेज सुरू होतात. घनसावंगीकडच्या एका भावाचा मेसेज ऐका:

"दादा, आमच्याकडं जुनी स्प्लेंडर हाय. पप्पा पहाटं पाचला दूध घालायला जातेत. चोक दिल्याबिगर गाडी चालूच होत न्हाई. अन् पप्पा डेअरीपस्तोर चोक तसाच ठेवतेत. म्हणतेत, बंद केला की गाडी बंद पडती. इंजिनचं वाटोळं होईल का?"

भावा, एका शब्दात उत्तर: हो. एका दिवसात नाही, पण हळूहळू नक्की होईल. ते का आणि कसं, हे कळायचं तर चोक आतमध्ये काय करतो ते बघावं लागेल. आजचा भाग त्याच्यावरच.

जालन्यात एवढी थंडी असते का?

जालना म्हणजे काही मनाली नाही, मान्य. पण भोकरदन, जाफराबादकडं जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली. आणि गाडी लागते ती नेमकी त्याच वेळेला. दूध घालायचंय, मोसंबी घेऊन बाजार गाठायचाय, एमआयडीसीत स्टीलच्या कंपनीत पहिली पाळी आहे. किंवा शेतीची लाईट रात्रीची आहे आणि दोन वाजता उठून हरभऱ्याला पाणी द्यायला जायचंय. तिथं दहा-पंधरा किका मारत बसणं कुणालाच परवडत नाही.

पेट्रोल जळत नाही, पेट्रोलची वाफ जळते

सगळा खेळ या एका वाक्यात आहे. पातळ पेट्रोल स्पार्कनं नीट पेटत नाही. त्याची वाफ व्हावी लागते, ती हवेत मिसळावी लागते, मग प्लगची ठिणगी पडली की भडका.

आता पेट्रोल म्हणजे एकच एक पदार्थ नाही. त्यात कितीतरी हायड्रोकार्बन असतात. काही इतके हलके की ३५-४० अंशांनाच उकळायला लागतात, काही इतके जड की त्यांना २०० अंशांच्या आसपास तापमान लागतं.

चुलीचं उदाहरण घ्या. ओंडका कधी सरळ काडीपेटीनं पेटतो का? आधी पऱ्हाट्या लागतात, तुराट्या लागतात. त्या पेटल्या की त्यांच्या जाळावर ओंडका धरतो. पेट्रोलमध्ये पऱ्हाट्याही आहेत आणि ओंडकेही आहेत. इंजिन गरम असेल तर दोन्हीची वाफ होते. पहाटे पाचला, गार इंजिनमध्ये, फक्त पऱ्हाट्यांची होते. बाकीचं पेट्रोल गार नळीच्या भिंतींना चिकटून ओलंच बसतं.

म्हणजे कार्बोरेटरनं नेहमीएवढंच पेट्रोल दिलं तर त्यातलं जळण्याजोगं फारच थोडं निघतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. गार इंजिनमध्ये मात्र आत गेलेल्या पेट्रोलपैकी बराचसा भाग वाफ होतच नाही, म्हणून ठिणगीजवळचं मिश्रण एकदम पातळ पडतं. ठिणगी पडते, पण पेटायला काही नसतं.

उपाय काय? पऱ्हाट्या कमी पडताहेत ना, मग अख्खी मोळीच मोठी टाका. नेहमीच्या दुपटीहून जास्त पेट्रोल सोडलं की त्यातल्या हलक्या भागाची वाफ पेटण्यापुरती होते. चोकचं काम एवढंच. तो पेट्रोल गरम करत नाही की ठिणगी वाढवत नाही. फक्त मिश्रण गाढ करतो.

चोक दोन प्रकारचे, आणि दोघांचा स्वभाव वेगळा

आधी कार्बोरेटर पटकन. खाली वाटी असते, तिच्यात फ्लोट पेट्रोलची पातळी धरून ठेवतो. वरून हवेची नळी जाते आणि मध्ये ती अरुंद होते. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो, आणि त्या ओढीनं जेटमधून पेट्रोल वर येतं. किक मारताना इंजिन फार सावकाश फिरतं, म्हणून ही ओढ मुळातच कमजोर असते. थंडीत ऑइल घट्ट झालेलं असतं, त्यामुळे फिरणं आणखी जड.

आता चोक.

पहिला प्रकार, पाकळीचा. जुन्या स्प्लेंडर, सीडी १०० या गाड्यांत कार्बोरेटरलाच छोटा लिव्हर असतो. तो फिरवला की एअर फिल्टरच्या बाजूनं येणाऱ्या हवेच्या तोंडावर पत्र्याची गोल पाकळी आडवी होते. चोक म्हणजे गळा आवळणे, ते नाव यावरूनच आलं. हवा अडली, पण पिस्टन तर ओढतोय. मग ती ओढ सगळी जेटवर येते आणि पेट्रोल जास्त उपसलं जातं. नळीतून सरबत पिताना कुणी ग्लासचं तोंड नाही, नळीचं हवेचं भोक बुजवलं तर सरबत जोरात येतं, तसं. या प्रकारात किक मारताना ॲक्सिलरेटर अगदी किंचित दिला तरी चालतो.

दुसरा प्रकार, दट्ट्याचा. कार्बोरेटरच्या जुन्या पल्सरमध्ये डाव्या हाताशी चोकचा खटका असतो, तिथून केबल खाली जाते. गंमत म्हणजे यात काहीच आवळलं जात नाही! केबल एक छोटा दट्ट्या वर उचलते आणि एक वेगळीच वाट उघडते. त्या वाटेला स्वतःचा जेट, स्वतःची हवा. म्हणजे मोठ्या कार्बोरेटरच्या पोटात एक चिमुकला कार्बोरेटर. त्यातलं गाढ मिश्रण थ्रॉटलच्या पलीकडं, इंजिनच्या बाजूला सोडलं जातं.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण नव्वद जण नेमकं उलटं करतात. या चिमुकल्या वाटेतून मिश्रण ओढलं जातं ते थ्रॉटल बंद असताना. थ्रॉटल बंद, म्हणून पलीकडं ओढ जोरात. तुम्ही चोक ओढून वर ॲक्सिलरेटर पिळला की हवा मोठ्या दारानं आत शिरते, ओढ पडते, आणि चोक असून नसल्यासारखा होतो. म्हणून दट्ट्याच्या चोकला ॲक्सिलरेटर सोडा, मग किक किंवा सेल्फ मारा.

यात अजून एक हुशारी आहे. गाडी उभी असताना त्या वाटेच्या छोट्या विहिरीत पेट्रोल भरून राहतं. पहिल्या एक-दोन किकांना ते एकदम उपसलं जातं, म्हणजे सगळ्यात गाढ घोट सुरुवातीलाच. पुढं जेट मोजूनमापून देतो. त्यामुळे पहिली किक अर्धवट मारून वाया घालवू नका. नीट, पूर्ण मारा.

आजोबांचा चोक

आपल्या शेजारी वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना आला. त्या काळातली चेतक ज्यांच्या घरी होती त्यांना हे दृश्य आठवत असेल: स्कूटर एका अंगावर वाकडी करायची, क्षणभर थांबायचं, सरळ करायची आणि किक. ही काही अंधश्रद्धा नव्हती. गाडी वाकडी केली की वाटीतली पातळी बिघडते आणि थोडं पेट्रोल वाटीबाहेर पडून हवेच्या वाटेत उतरतं. घरगुती चोकच तो.

जावा-येझदीवाले कार्बोरेटरवरचं एक बटण दाबायचे. त्यानं फ्लोट खाली दबतो, पेट्रोल वर चढतं, आणि बोटाला ओल लागली की समजायचं, झालं. हेतू एकच, पद्धत निराळी. फक्त मोजमाप नव्हतं, आणि गरम इंजिनजवळ पेट्रोल सांडायची भीती होती, म्हणून ते मागं पडलं.

मग चोक ठेवला तर बिघडतं कुठं?

आता घनसावंगीच्या भावाच्या प्रश्नाकडं येऊ.

इंजिन चालू झालं की हेड काही क्षणांत तापायला लागतं. ओंडकेही पेटायला लागले. आता मोठी मोळी नको, पण चोक चालू म्हणजे ती येतच राहते. जास्तीचं पेट्रोल जाणार कुठं?

थोडं काळा धूर होऊन जातं. थोड्याची काजळी होऊन प्लगवर बसते. आणि थोडं ओलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं. नुकसान खरं तिथं आहे. त्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर असतो, त्याच्यावर पिस्टन घसरतो. पेट्रोल तो थर धुऊन काढतं. मग रिंगा आणि सिलिंडर कोरडे घासतात. वरून ते पेट्रोल खाली ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ होतं. स्प्लेंडरसारख्या गाडीत ऑइल असतं जेमतेम लिटरभर, आणि गिअर, क्लच, इंजिन सगळे त्यावरच जगतात. रोज पाच-सहा किलोमीटर चोकवर, आणि तेवढ्यातच गाडी परत उभी, म्हणजे ऑइलमधलं पेट्रोल उडून जायला ते पुरेसं तापतही नाही.

ऑइलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास जोरात येत असेल तर ऑइल बदलायची वेळ झाली. आणि पेट्रोल शंभरीच्या पुढं गेलेलं असताना हा सगळा धूर तुमच्या खिशातला, हे वेगळं सांगायला नको.

हे मात्र जिवावरचं आहे

थंडी वाजते म्हणून काही जण गाडी घरात, पडवीत किंवा शटर लावलेल्या दुकानात चालू करून तापवत ठेवतात. मंडळी, हे कधीच करू नका. गाढ मिश्रणाला पुरेशी हवा मिळत नाही, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड नेहमीपेक्षा कितीतरी जास्त तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, गुंगी येते आणि माणूस उठत नाही. गोठ्यातली जनावरंही त्यातून सुटत नाहीत. गाडी आधी ढकलत अंगणात आणा, मग किक मारा.

हे एवढं करा

१. पेट्रोलचा कॉक उघडा. रात्रभर बंद असेल तर वाटी भरायला अर्धा मिनिट द्या.

२. चोक बंद ठेवून, चावी न लावता दोन-तीन किका हळू मारा. घट्ट झालेलं ऑइल मोकळं होतं.

३. चोक पूर्ण द्या, चावी लावा, आणि एक पूर्ण किक.

४. गाडी चालू झाली की अर्ध्या-एक मिनिटात चोक अर्धा करा. इंजिनचा आवाज एकसारखा झाला की पूर्ण बंद. रेस करून गरम करायची गरज नाही. पहिले एक-दोन किलोमीटर सावकाश चालवा, गाडी आपोआप तापते.

५. पेट्रोलचा वास येतोय आणि गाडी चालूच होत नाही, म्हणजे प्लग भिजलाय. चोक बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा आणि पाच-सहा किका मारा. हवा जाऊन आतलं पेट्रोल वाळतं. तरी नाही झाली तर प्लग काढून पुसा.

चोक बंद केला की गाडी बंद पडते?

भावा, पप्पांचं म्हणणं खोटं नाही, पण तो आजार आहे आणि चोक त्याच्यावरचं औषध नाही. दोन-तीन मिनिटं चालल्यावरही चोक बंद करता येत नसेल तर मिश्रण मुळातच पातळ आहे. बहुतेक वेळा पायलट जेट चोंदलेला असतो. नाहीतर कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या रबराला भेग पडून तिथून हवा शिरत असते. वाटीत तळाला पाणी साठलेलं असू शकतं, खालचा स्क्रू सैल केला की ते निघून जातं. टॅपेट फार घट्ट असले तरी थंडीत गाडी रडते. मेकॅनिकला "चोकवरच चालते" एवढं सांगा, तो बरोबर तिथंच हात घालेल.

उलटंही होतं. चोक बंद आहे, तरी धूर काळा आणि ॲव्हरेज पडलेलं. दट्ट्याच्या गाडीत केबल ताणलेली असेल तर दट्ट्या पूर्ण खाली बसत नाही, म्हणजे चोक कायम थोडा चालूच. खटक्याला किंचित ढिलाई हवी.

नव्या गाडीत चोक गेला कुठं?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि जवळपास सगळ्या नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन बसलं. लिव्हर गेला, पण काम गेलेलं नाही. इंजिनवरचा सेन्सर तापमान सांगतो, ईसीयू हिशोब करतो आणि इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. मोळी मोठी, फक्त ती आता मोजून पडते आणि वेळेवर थांबते. चावी लावल्यावर 'सुंई' आवाज येतो तो पंपाचा. तो थांबू द्या, मग सेल्फ मारा.

जुन्या गाडीवाल्यांसाठी अजून एक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, आणि त्याला जळायला हवा कमी लागते. जुना कार्बोरेटर मात्र जुन्याच मापानं देतो, म्हणजे मिश्रण आधीच जरा पातळ. अशात जेट थोडा जरी चोंदला असेल तर थंडीत तो लगेच जाणवतो. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं, म्हणून महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीची वाटी रिकामी करून ठेवलेली बरी.

तर घनसावंगीच्या भावा, येत्या रविवारी पायलट जेट साफ करून घे, ऑइलचा वास घे, आणि हा भाग पप्पांना ऐकव. गाडी कशी चालतेय त्याचा व्हॉइस मेसेज पाठव. आवाज ऐकूनही बरंच कळतं. बाकीच्यांनीही आपापले प्रश्न पाठवा, गाडी कोणती आणि कुठल्या सालची ते आधी सांगा. भेटू पुढच्या भागात!