गाडी ‘मिसिंग’ मारतेय? आधी इंजेक्टरला दोष देऊ नका!

शनिवारची पहाट. कोलाडला राफ्टिंगचं बुकिंग, रात्री रोह्याला मित्राच्या घरी मुक्काम... प्लॅन एकदम सॉलिड! पेण मागे पडतं, वडखळच्या गर्दीत गाडी हळू होते आणि इंजिन थरथरायला लागतं. रेस द्यावी तर गचके, पिकअप गायब. डॅशबोर्डवर पिवळं इंजिन पेटलेलं. नाक्यावर कुणीतरी बॉनेटमध्ये डोकावतो आणि सांगून टाकतो, ‘इंजेक्टर गेले. चारही बदला!’ झालं, वीकेण्डही गेला आणि पगारही!

पण थांबा. खटला न चालवताच शिक्षा कशाला?

हा इंजेक्टर करतो तरी काय?

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारा इवलासा व्हॉल्व्ह. गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, हुकूम सोडतो, आतली सुई उचलली जाते आणि काही मिलिसेकंद पेट्रोलचा बारीक फवारा उडतो. तोंडाशी चिकट थर साचला की फवाऱ्याची धार होते. मग पेट्रोल नीट जळत नाही, गाडी मिसिंग मारते, अ‍ॅव्हरेज पडतं. गंमत अशी, की प्लग किंवा इग्निशन कॉइल खराब झाली तरी लक्षणं हीच! सगळा गोंधळ इथेच होतो.

तपास असा करा

आधी स्कॅनर असलेलं गॅरेज गाठा. समजा कोड आला पी०३०२. याचा अर्थ दुसरा सिलिंडर मिसिंग मारतोय, एवढाच. गुन्हेगार कोण, ते कोड सांगत नाही. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल, तर इंजिन बंद करून दुसऱ्याची कॉइल तिसऱ्याला लावायला सांगा. कोड पी०३०३ झाला? मग चोर कॉइल! नाही झाला, तर हाच खेळ प्लगशी.

दोघंही निर्दोष सुटले की मगच इंजेक्टर. इंजिन चालू ठेवून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाशी. मेकॅनिकची ही जुनी युक्ती. टिक-टिक ऐकू यायला हवी. एखादा गप्प असेल तर आधी कपलर आणि वायर बघा, उंदरांनी कुरतडली असेल! मग मल्टिमीटर. साध्या पेट्रोल गाड्यांमध्ये बहुतेक १२ ते १६ ओहम दिसतात आणि चारही जवळपास सारखे असावे लागतात.

टिक-टिक ठीक, तरी मिसिंग? मग इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर लावायचे. फवारा कसा पडतो, थेंब गळतात का, चारही सारखं पेट्रोल देतात का, सगळं डोळ्यांसमोर दिसतं. अल्ट्रासॉनिक क्लीनिंगनंतर पुन्हा टेस्ट, आणि बसवताना ओ-रिंग नव्या. तरी सुधारला नाही, तर तेवढाच बदला. आणि चारही एकदम मंद वाटत असतील, तर आधी फ्युएल पंप आणि फिल्टर तपासा.

हे विसरू नका

• इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी रेटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकतं, आणि तो इंजेक्टरपेक्षा महाग!

• पेट्रोलचा वास येतोय? स्टार्टर मारायचाच नाही.

• डिझेलच्या कॉमन रेलमध्ये हजार बारहून जास्त दाब असतो. पाइप सैल करू नका. ती धार कातडीत घुसते आणि गाठ थेट हॉस्पिटलशी. नवा डिझेल इंजेक्टर बसवल्यावर बऱ्याच गाड्यांमध्ये त्याचा कोड ईसीयूत भरावा लागतो, तेही विचारून घ्या.

• बिल देण्याआधी एकच प्रश्न: ‘कशावरून इंजेक्टर?’ उत्तर टेस्टमधून यायला हवं, अंदाजातून नाही.

कुंडलिकेत राफ्टिंगसाठीचं पाणी धरणातून सकाळी सुटतं, ते तुमच्या गाडीसाठी थांबत नाही. म्हणून पुढचा प्लॅन ठरला की शुक्रवारीच पार्किंगमध्ये दोन मिनिटं एसी, म्युझिक बंद करा आणि आयडलिंग ऐका. गाडी आधी कुरकुरते, मग रुसते!