भाला, श्वास आणि ओहोटीची वेळ

नवी मुंबईतील बहुतेक कुटुंबांना समुद्र भेटतो तो वाशीच्या पुलावर, लोकलच्या खिडकीतून. पामबीच मार्गालगत राहणाऱ्यांना कांदळवनापलीकडे पाण्याची एक चंदेरी रेघ दिसते, एवढेच. पायांना वाळू लागावी असे वाटले, तर उरणचा पीरवाडी किनारा गाठावा लागतो किंवा पुढे अलिबागकडे जावे लागते. अशा सहलीत एखादा छांदिष्ट हातात भाला आणि कमरेला एकच मासा लटकवून खडकांमधून पाण्याबाहेर येताना दिसला, तर मुले चेंडू टाकून त्याच्याकडे धावणारच. त्यांना मागे ओढू नका. आपणही चार पावले मागे उभे राहून ऐका.

श्वास रोखून पाण्याखाली जाणे आणि भाल्याने एकच मासा टिपणे हा छंद आपल्याकडे मोजक्यांचाच आहे. ठाणे खाडीत तो चालणेही शक्य नाही, कारण तिथल्या गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. दिवाळे, सारसोळे, करावे या गावांतील कोळी बांधवांनी त्या चिखलाला साजेशी साधने वापरली : पाग, गळ, बोक्शी, आणि चिखलातील निवटी धरायला तर नुसता हात. साधने वेगळी असली तरी भालावाला आणि पागवाला यांच्यात एक साम्य आहे. दोघांनाही पाणी वाचता यावे लागते, आणि कोणी आस्थेने विचारले तर दोघेही मोकळेपणाने सांगतात. (ट्रॉलरवरच्या माणसाला तेवढी उसंत नसते, हा त्याचा दोष नव्हे.)

मुलांना ऐकायला मिळते ती बहुधा नेमाची गोष्ट. काठावर उभे राहून भाला मारायचा असेल, तर मासा दिसतो तिथे मारून चालत नाही, त्याच्या खाली मारावा लागतो. प्रकाशकिरण पाण्यातून हवेत येताना वाकतात, त्यामुळे मासा आहे त्यापेक्षा वर दिसतो. डोळ्यांवर मुखवटा लावून पाण्याखाली गेले, की निराळाच घोटाळा होतो : सगळे सुमारे पाव हिश्शाने जवळ आणि त्यामुळे मोठे दिसते. शिकारी आपल्या माशाचे माप हातांनी दाखवतो, तेव्हा तो अगदीच खोटे बोलत नसतो. घरी आल्यावर ग्लासभर पाण्यात पेन्सिल तिरपी ठेवून मुलांना यातली पहिली गंमत पुन्हा दाखवता येईल.

मात्र त्यांचा खरा प्रश्न असतो, ‘‘काका, तुम्ही श्वास किती वेळ रोखता?’’ इथे पालकांनी कान टवकारावेत. आग्नेय आशियातील बजाऊ लोक पिढ्यानपिढ्या लाकडी चौकटीचे चष्मे लावून भाल्याने मासे मारत आले आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांची प्लीहा शेजारच्या शेतकरी जमातीपेक्षा सुमारे दीडपट मोठी आढळली. बुडी मारल्यावर प्लीहा आकुंचन पावते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते, म्हणजे प्राणवायूची शिदोरीच. ही देणगी हजारो वर्षांच्या निवडीतून आलेली आहे, उन्हाळी शिबिरातून मिळणारी नव्हे.

मुले मात्र त्याच संध्याकाळी सोसायटीच्या तरणतलावात ‘कोण जास्त वेळ खाली राहतो’ हा खेळ मांडतात, आणि त्याआधी भराभर दीर्घ श्वास घेतात. धोका नेमका इथे आहे. श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू कमी पडल्यामुळे नव्हे, तर मुख्यतः कर्बवायू साचल्यामुळे. भराभर श्वसनाने कर्बवायू कमी होतो, प्राणवायूचा साठा मात्र फारसा वाढत नाही. मग इशाऱ्याची घंटा वाजण्यापूर्वीच प्राणवायू संपत येतो आणि मूल पाण्याखाली शुद्ध हरपते. धडपड नाही, ओरडणे नाही. काठावरून ते शांतपणे खेळ खेळत असल्यासारखेच दिसते. पट्टीचे पोहणारेही असे गेले आहेत. म्हणून जाणता भालेकरी एकटा पाण्यात उतरत नाही. एक खाली असताना दुसरा वर राहून त्याच्यावर नजर ठेवतो. आपल्या मुलांना त्याच्याच तोंडून हे ऐकवा. आईबाबांनी सांगितलेले असे नियम पोहण्याच्या पोशाखासोबत पिशवीतच राहतात. पाण्याखाली श्वास रोखण्याची पैज घरच्या नियमांत पूर्णपणे वर्ज्य असावी.

कानांचेही तसेच. दहा मीटर खोलीवर पृष्ठभागाच्या दुप्पट दाब असतो, पण कान दुखायला दोन-तीन मीटरही पुरतात. सर्दी झालेल्या मुलाने बुडी मारू नये आणि दुखू लागताच वर यावे.

मासा हातात देण्यापूर्वी भालेकरी त्याचे काटे कुठे आहेत ते दाखवतो. शिंगाळ्याच्या पाठीवरचा व बाजूंचे काटे, पाकटाच्या शेपटीवरचा काटा हे विषारी असतात, आणि मेलेल्या माशाचाही काटा बोचतो. २०१३ साली गणेशविसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर पाकटांच्या दंशाने अनेक भाविकांना रुग्णालय गाठावे लागले होते. पाकट वाळूत अंग पुरून पडलेले असते. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चालले, तर ते आधीच निसटते. तरीही दंश झालाच, तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांपेक्षा जास्त नाही, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. त्याने वेदना बरीच कमी होते. पाण्याची ऊब मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने आधी पाहावी, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही. खोल रुतलेला काटा घरी उपटू नये. डॉक्टरांकडे जावे आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारावे. शंकूच्या आकाराचे सुंदर शंख दिसले तर तेही उचलू देऊ नयेत. आत जिवंत गोगलगाय असल्यास तिचा दंश प्राणावर बेतू शकतो.

भाला कसा धरलेला आहे, हेही पाहा. रबर ताणलेला भाला पाण्याबाहेर आणणाऱ्यापासून मुलांना दूर ठेवा, तो कितीही गोड बोलत असला तरी. रबर सैल, टोक जमिनीकडे आणि टोकावर बूच असेल, तरच त्याच्याजवळ उभे राहावे.

मुलांना हे सगळे पाहण्याची गोडी लागली, तर भाल्याची गरज नाही. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम २०१७ पासून मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर लोकांना ओहोटीत फिरवून जीव दाखवतो. ऐरोलीतील किनारी व सागरी जैवविविधता केंद्र तर आपल्या दारातच आहे. २०१५ साली अभयारण्य आणि २०२२ साली रामसर स्थळ ठरलेल्या ठाणे खाडीत तिथून रोहित पाहायला होड्या जातात.

स्वतःच किनाऱ्यावर जायचे असेल, तर वेळ कोळ्यांच्या हिशेबाने काढावी. ढोबळमानाने तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते : अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अष्टमीच्या भांगात पाणी फारसे हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ते दूरवर जाते आणि खडक उघडे पडतात, तेही पहाटे किंवा सायंकाळी, म्हणजे ऊन नसताना. जाण्यापूर्वी त्या दिवसाचे छापील वेळापत्रक ताडून पाहावे. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी खडकांवर उतरावे आणि पाणी फिरताच, मुलांनी कितीही हट्ट केला तरी, परत निघावे.