मीटर म्हणतं ८०, चलन म्हणतं ९२

आजच्या भागात कोड नाही, केबल आहे. आकडे बरेच आहेत, त्यामुळे ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा लिखित भाग.

झालं असं, की पप्पा आमची जुनी मारुती ८०० घेऊन साताऱ्याहून सांगलीला ताईकडे गेले आणि आठवड्याने चलन आलं. मर्यादा ८०, वेग ९२. पप्पांनी ३० वर्षं एसटी चालवलीय. ते एकच म्हणाले, "ऐंशीच्या वर काटा जाऊ दिलेला नाय." ताईचं म्हणणं, "वय झालं, आता किल्ली ठेवा." म्हणजे प्रश्न दंडाचा राहिला नव्हता, पप्पांनी गाडी चालवायची की नाही हा होता.

आधी हे मीटर चालतं कसं ते बघू. गिअरबॉक्समधल्या छोट्या गिअरवर एक लवचिक केबल फिरते. मीटरमध्ये ती एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती अॅल्युमिनियमची वाटी असते, दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो. चुंबक फिरला की वाटीत एडी करंट तयार होतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला अडवते. ओढ आणि अडवणूक जिथे सारखी होते, तिथे काटा थांबतो. जर्मनीच्या ऑटो शुल्झे यांनी याचं पेटंट १९०२ मध्ये घेतलं.

आता महत्त्वाचं. किलोमीटर मोजणारा ओडोमीटर त्याच केबलवर चालतो, पण थेट दातेरी चाकांनी. तिथे चुंबक नाही, स्प्रिंग नाही. म्हणून मीटर बदलण्याआधी दोघांची तुलना करा:

१. दोन्ही बंद: केबल तुटलीय, सुटलीय किंवा गिअरबॉक्सकडचा गिअर झिजलाय.
२. काटा थरथरतो: केबल कोरडी पडलीय किंवा कुठेतरी मुरगळलीय. आतली तार काढून पुसा, हलकं ग्रीस लावा. वरच्या टोकाला लावू नका, ते चढून मीटरमध्ये जातं.
३. दोन्ही एकाच टक्केवारीने चुकतात: टायरचा आकार किंवा गिअर.
४. ओडोमीटर बरोबर, काटा चूक: दोष मीटरच्या आत.

मी आणि पप्पा निघालो. पप्पा गाडीवर, मी फोनवर जीपीएस लावून शेजारी. महामार्गाच्या कामामुळे मधले काही दगड गायब आहेत, पण पहिला आणि शेवटचा मिळाला की पुरे. दगडांप्रमाणे ५० किलोमीटर झाले, ओडोमीटरवर ४७ आणि थोडं.

खाली वाकून टायर वाचला: १४५/८० आर १२. या गाडीचा मूळ टायर १४५/७० आर १२. मूळ टायरचा व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर, आमच्याचा ५३७. जवळपास ६ टक्के मोठा! मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं आणि मीटरला ते कळत नाही.

बग सापडला म्हणून मी खूश. पण ६ टक्क्यांनी ८० चे ८५ होतात, ९२ नाही. मग सपाट रस्त्यावर वेग स्थिर ठेवून नोंदी घेतल्या. खरा वेग ४०, ६०, ८०; काटा ३१, ५०, ६९. यातून टायरचे अनुक्रमे २, ३, ४ वजा केले, तर प्रत्येक वेळी ७ च उरतात!

स्प्रिंग किंवा चुंबक कमजोर झाला असता तर चूक वेगाबरोबर वाढली असती. चूक कायम तेवढीच, म्हणजे काटाच सरकून बसलाय. उभ्या गाडीत मात्र काटा शून्याच्या खिळ्याला टेकतो आणि सगळं ठीक दिसतं. खूण एकच होती: गाडी हलली तरी काटा थोडा वेळ जागचा हलत नव्हता.

आणि काटा कुणी काढला होता? मीच. दोन वर्षांपूर्वी तबकडी साफ करताना. परत बसवताना शून्यावर टेकवला आणि झालं असं समजलो.

सांगलीत जुनी मीटरं दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी ते मोटरवर लावलं. जपानी मानकात केबलचे ६३७ फेरे म्हणजे १ किलोमीटर. म्हणजे मिनिटाला ६३७ फेरे झाले की काटा ६० वर हवा. काकांनी मोटर त्या वेगाला फिरवली आणि काटा चालत्या मीटरवर ६० ला बसवला. "शून्यावर लावायचा नसतो पोरा, शून्य खोटं बोलतं," म्हणाले. टायरही मूळ मापाचे घातले.

एक लक्षात ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ प्रमाणे मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये. थोडं जास्त दाखवलं तर चालतं. त्यामुळे फोन ५७ आणि काटा ६० असेल तर हात लावू नका. उलटं असेल तर आजच तपासा.

परतीच्या वाटेवर आष्ट्याच्या पुढे काटा ६० ला होता, फोनवर ५९. पप्पा काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं. दंड मी भरला. किल्ली पप्पांकडेच आहे.

भेटू पुढच्या भागात!